चित्र नाही, आवाज आहे

लेव्हलकाकांची आणि माझी ओळख एका तक्रारीतून झाली. मी त्यांच्या खालच्या खोलीत नवा भाडेकरू होतो. साहित्याची पदवी हातात होती आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून संध्याकाळी कविता मोठ्याने वाचत बसायचो. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात पन्नाशी ओलांडलेले एक बारीक गृहस्थ उभे होते. हातात रिमोटएवढं एक यंत्र, त्याच्या टोकाला स्पंजचं बोंड.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले.

"काय?"

"तुमची कविता. आमच्या स्वयंपाकघरात अठ्ठेचाळीस डेसिबल येतेय. चाळिसाच्या खाली ठेवलीत तर माझं काही म्हणणं नाही."

मी माफी मागितली.

"कविता वाईट आहे असं नाही हं," ते घाईघाईने म्हणाले. "त्यातलं मला कळत नाही. मी फक्त किती ते सांगतो."

ते एका थिएटरात आवाज लावत. चालू-बंद करणं मॅनेजरचं काम. काका ठरवत की कुठल्या स्पीकरने किती मोठ्याने बोलायचं. पडद्यामागे तीन स्पीकर, बाजूच्या भिंतींवर आठ, आणि जमिनीलगत एक जाडजूड, ज्याला ते सासरेबुवा म्हणत, कारण तो क्वचित बोलतो पण बोलला की घर हलतं. हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. थिएटरात सगळे त्यांना नुसतं 'लेव्हल' म्हणत. काका मी लावलं.

दर सोमवारी सकाळी थिएटर रिकामं असताना ते नवव्या रांगेत तीन पायांचा स्टँड उभा करत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यंत्र लावत आणि एकेका स्पीकरमधून एक आवाज सोडत. कुठेतरी नळ पूर्ण सोडलाय, पण नळ सापडत नाही, असा तो आवाज. त्यात बारीक, जाड सगळे सूर एकदम असतात. काका त्याला 'पीठ' म्हणत.

"सगळे सूर दळून एक केले की हे होतं," त्यांनी मला सांगितलं. "पिठात खडा असला की लगेच लागतो. गाण्यात नाही लागत. गाणं माणसाला फसवतं."

पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरचं पीठ पंच्याऐंशी यायला हवं. ना चौऱ्याऐंशी, ना शहाऐंशी. एवढंच त्यांचं आयुष्यातलं मागणं होतं आणि ते सव्वीस वर्षांत पुरं झालं नव्हतं.

याचं कारण मशीनच्या खोलीतलं एक गोल बटण. त्यावर शून्य ते दहा आकडे. सातवर ठेवलं की चित्रपट करणाऱ्यांनी जेवढा ठरवला तेवढाच आवाज येतो. पण कोणी तक्रारवहीत 'आवाज फार मोठा' असं लिहिलं की मॅनेजर बटण सहावर आणत. पुढच्या सोमवारी काका आवाज मोठा करणारी मागची यंत्रं थोडी वाढवत, म्हणजे सहावरच सातचा आवाज येई. मग पुन्हा तक्रार. मॅनेजर पाचवर. काका पुन्हा मागून वाढवत. बटण पार शून्याला टेकलं की बाहेरचा मेकॅनिक येऊन सगळं पहिल्यासारखं करून जाई आणि हे दोघं नव्या दमाने सुरुवात करत. मी पाहिलं तेव्हा बटण दोनवर होतं.

दोघं रोज एकत्र चहा पीत.

"मॅनेजरना माहीत आहे, तुम्ही मागून वाढवता ते?" मी विचारलं.

"माहीत आहे ना."

"आणि ते कमी करतात ते तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"मग एकदा बोलून का घेत नाही?"

"छे छे," काका म्हणाले. "वाईट दिसतं."

थिएटरच्या मालकीणबाईंच्या कानावर हे कधी गेलं नव्हतं. पण तक्रारवही त्या वाचत. एका सोमवारी त्यांनी काकांना बोलावलं. मीही बरोबर होतो, कारण मला दुसरं काम नव्हतं. टेबलावर वही उघडी होती. सकाळच्या खेळाची तक्रार, 'कान फुटायची वेळ आली'. त्याच दिवशी संध्याकाळच्या खेळाची, 'संवाद नीट ऐकू येत नाहीत'.

"लेव्हल, यातलं खरं काय?" बाई म्हणाल्या.

"दोन्ही."

"मला कोड्यात बोलू नका. सकाळपासून माझी दाढ दुखतेय."

"सकाळी तीस माणसं असतात, बाई. संध्याकाळी तीनशे. आपल्या खुर्च्या लाकडी. रिकाम्या खुर्चीवरून आवाज उडतो, माणसात मुरतो. मी लावतो तो रिकाम्या थिएटरात. म्हणजे जिथे कोणी ऐकत नाही तिथे बरोबर, आणि जिथे ऐकतात तिथे चूक."

बाईंनी गालावर हात ठेवला. मग त्यांनी सांगितलं. एक पेटी मिळते. ती स्वतःच ऐकते आणि स्वतःच आवाज लावते. मुलाने माहिती काढली आहे. येत्या शुक्रवारी नवा चित्रपट लागतो आहे. त्याच्या पहिल्या खेळाला आवाजाबद्दल एक जरी तक्रार आली, तर पेटी बसवायची आणि काकांनी घरी बसायचं.

"स्वतःच ऐकते?" काका म्हणाले.

"हो."

"मग तिकीटही तिलाच द्या."

बाई हसल्या नाहीत. काकाही विनोद करत नव्हते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण त्याआधी मला एकदा भरलेलं थिएटर द्या. मुकं. हलणारं नाही. एकदा बरोबर लावू दे. त्यानंतर एक तक्रार आली तर मी स्वतः जाईन, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

"आणि थिएटर भरायचं कोणी?"

"मी," काका म्हणाले.

घरी काकू शिलाई मशीनवर बसल्या होत्या. मशीनखाली काकांनी नमद्याचे चार थर घातलेले होते, त्यामुळे ते एकोणसाठवर चाले. काकूंनी सगळं ऐकलं आणि सुई थांबवली.

"हे घरी बसणार?" त्यांनी मला विचारलं. काका समोर असूनही मलाच. "दिवसभर? अरे, सुट्टीच्या दिवशी हे मला भांडी हळू ठेवायला लावतात. पहिल्यांदा भेटलो तेव्हा म्हणाले, तुमचा आवाज छान आहे, सत्तावन्न. मला वाटलं, वजनाबद्दल बोलतायत. मी वर्षभर कमी जेवले!"

"एकच वर्ष," काका म्हणाले.

"त्यांचं काम राहायलाच हवं," काकू म्हणाल्या. "काय लागेल ते सांगा."

लागणार होती ब्लँकेटं. काकांची पहिली कल्पना अशी की माणसांऐवजी खुर्च्यांवर ब्लँकेटं ठेवायची. पण एक माणूस म्हणजे किती ब्लँकेटं? मंगळवारी सकाळी त्यांनी मला नवव्या रांगेत बसवलं, पीठ सोडलं, आकडा लिहिला. मग मला उठवून माझ्या जागी एक ब्लँकेट, मग दोन. मग काकूंना बसवलं. दोन तास आम्ही उठत बसत होतो.

"तू दीड ब्लँकेट आहेस," काका मला म्हणाले.

"आणि मी?" काकूंनी विचारलं.

काकांनी वही मिटली. "नंतर सांगतो."

"आत्ता सांगा."

"दोन."

"दोन काय! नीट मोजा. मी आज जाड साडी नेसलेय."

थिएटरात तीनशे बारा खुर्च्या होत्या. हिशेबाने साडेचारशेच्या वर ब्लँकेटं हवी होती. अख्ख्या इमारतीतून आम्ही एकतीस जमवली. त्यातल्या एकात मांजर होतं. काकांनी हातपाय गाळले नाहीत. ते म्हणाले, मग माणसंच आणू.

सूचना मी लिहावी असं ठरलं, कारण माझ्याकडे पदवी होती. मी लिहिलं, 'एक अनोखा अनुभव'. काकांनी ते खोडलं.

"अनोखा कशाला? पीठ आहे. खरं काय ते लिही."

त्यांनी एकेक शब्द तपासून घेतला. शेवटी थिएटरच्या दारावर जे लागलं ते असं. 'गुरुवारी सकाळी दहा वाजता. चित्र नाही. आवाज आहे. पन्नास मिनिटे. प्रवेश मोफत. बोलू नये. हलू नये.'

मी काकांना स्पष्ट सांगितलं की कुत्रंही फिरकणार नाही. ती सूचना दोनदा वाचली असती तर माझी चूक माझ्या लक्षात आली असती. चार वर्षं मी तेच तर शिकलो होतो. एखाद्या गोष्टीतून सगळं काढून घेतलं आणि उरलेलं तुटक शब्दांत लिहिलं, की लोकांना ती मोठी वाटते.

गुरुवारी साडेनऊला रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. चष्मेवाली माणसं, शबनमवाली माणसं. दोन बायका एकमेकींना सांगत होत्या की चित्र नाही हेच तर धाडस आहे. बँकेतले चौघेजण साहेबांची परवानगी काढून आले होते. तीनशे बारा खुर्च्या भरल्या आणि पन्नास-साठ लोकांना परत पाठवावं लागलं. मॅनेजरनी मशीनच्या खोलीच्या खिडकीतून खाली पाहिलं आणि मला विचारलं, "यांना आपण काय दाखवणार आहोत?"

"लेव्हल," मी म्हणालो.

"तेवढंच?"

मी घड्याळ दाखवलं. दहा वाजले होते.

बुधवारी मेकॅनिकने सगळं पहिल्यासारखं करून बटण सातवर आणलं होतं. दिवे अर्धे ठेवले होते, कारण काकांना आकडे वाचायचे होते. पडदा पांढरा, कोरा. काका पडद्यासमोर आले. त्यांनी कामाचा निळा डगला घातला होता, खिशात स्क्रूड्रायव्हर.

"हलू नका," ते म्हणाले. "सुरू करतो."

डाव्या स्पीकरमधून पीठ सुटलं. तीनशे बारा माणसांनी श्वास रोखला. काका नवव्या रांगेशी गेले, यंत्रावर वाकले, आणि त्यांनी मॅनेजरकडे बघत दोन बोटं वर केली. मॅनेजरनी मागचं यंत्र दोन घरं वाढवलं. काकांनी मान हलवली. एक बोट खाली. पुन्हा मान. मग त्यांनी वहीत लिहिलं.

लोक त्या बोटांकडे डोळे लावून बसले होते.

मग मधला स्पीकर. मग उजवा. मग भिंतीवरचे, एकेक. सहावा बोललाच नाही. काकांनी शिडी आणली, ती भिंतीला लावली, वर चढले आणि त्याची मागची वायर पिळली. शिडी करकरली. स्पीकर एकदम बोलू लागला. पाचव्या रांगेत एक बाई रडायला लागली. शेजारच्याने तिला रुमाल दिला. कोणीतरी खोकलं तर चार बाजूंनी शूऽऽ झालं, आणि काकांनी वळून त्या शूवाल्यांकडे असं पाहिलं की ते खुर्चीत खचले.

शेवटी सासरेबुवा बोलले. जमीन थरथरली. बँकेतल्या एकाने डोळे मिटून दोन्ही हात खुर्चीवर घट्ट धरले.

काकांनी पुन्हा सगळे आकडे तपासले. पंच्याऐंशी. पंच्याऐंशी. पंच्याऐंशी. बटण सातवर. मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पण काम अर्धंच झालं होतं. थिएटर रोज भरत नाही. किती माणसं असली की बटण कुठे ठेवायचं, याचा तक्ता त्यांना करायचा होता. त्यासाठी माणसं थोडी थोडी कमी करायला हवी होती.

"तेरावी रांग," काका म्हणाले. "बाहेर."

तेराव्या रांगेत चोवीस माणसं होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्ही काही बोललो नाही हो," एक गृहस्थ हळूच म्हणाले.

"माहीत आहे. जा."

ती उठली आणि मान खाली घालून गेली. काकांनी आकडा लिहिला. "बारावी." बाराव्या रांगेतली एक बाई जाताना अकराव्या रांगेतल्या नवऱ्याचा हात सोडेना. तो तिला म्हणाला, "जा तू. मी येतोच मागून." अकरावी गेली. दहावी गेली. मागून रिकामं होत जाणारं थिएटर, पुढे बसलेल्यांना मान न वळवता कळत होतं. पीठ चालूच होतं. प्रत्येक रांग गेली की ते किंचित कडक होई. मला माहीत होतं की हे लाकडी खुर्च्यांमुळे होतं आहे. माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

पहिल्या रांगेतलेही एकेक करून गेले. शेवटी एकच माणूस उरला. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ. काकांनी त्यांच्याकडे बघून शेवटचा आकडा लिहिला.

"झालं," काका म्हणाले. "तुम्हीही जा."

"मीच का शेवटचा?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"तुम्ही टोकाच्या खुर्चीवर बसलात म्हणून."

नकाशेवाल्यांनी खुर्चीच्या हाताकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "आयुष्यभर तिथेच बसत आलो."

बाहेरच्या दालनात कोणीच घरी गेलं नव्हतं. लोकांनी काकांना गराडा घातला.

"सहावा आधी गप्प का होता?"

"वायर सैल होती."

"सैल," विचारणारी बाई पुटपुटली आणि तिने ते लिहून घेतलं.

मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. दर गुरुवारी करायचं का, असं विचारलं.

"लागला आता," काका म्हणाले. "लागलेला आवाज परत लावत नाहीत. उद्याचं बघा, बाई."

शुक्रवारी तीनच्या, म्हणजे पहिल्याच खेळाला थिएटर भरलं. काकू नवी साडी नेसून आल्या होत्या, पातळ. मॅनेजरनी खिडकीतून माणसं मोजली, भिंतीवरचा तक्ता वाचला आणि बटणाला हात घातला. ते सातवरच होतं. त्यांनी हात तसाच काढून घेतला. ते दोनदा खोलीबाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

चित्रपट एका घरातल्या भांडणाचा होता. मी मुद्दाम आवाजाकडे लक्ष देत होतो आणि मला ते जमेना. कोणी कुजबुजलं तर कळायचं. दार आपटलं तर दचकायला व्हायचं, पण कान दुखत नव्हते. काका नवव्या रांगेशी बाजूच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. ते त्यांनी काकूंच्या पिशवीत ठेवलं होतं.

मध्यंतरात वही कोरी राहिली. खेळ संपला. लोक वहीसमोरून जात होते आणि आम्ही चौघं, बाई, मॅनेजर, काकू, मी, उगाच भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होतो. काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते.

नकाशेवाले आले. वहीसमोर थांबले. पेन काढलं. बराच वेळ लिहीत होते.

ते वळताच बाईंनी वही उचलली. वाचलं. ती काकांच्या हातात दिली. मी खांद्यावरून पाहिलं. लिहिलं होतं, 'कालच्या कार्यक्रमात आवाज शुद्ध होता. आज मात्र मधूनमधून माणसं बोलत होती. त्यामुळे लक्ष लागलं नाही.'

"ही कसली तक्रार!" मॅनेजर म्हणाले. "ही धरायची नाही, बाई. संवाद म्हणजे माणसं बोलणारच."

"डोकं फिरलंय त्यांचं," काकू म्हणाल्या.

"आवाजाबद्दल आहे," काका म्हणाले.

"लेव्हल, अहो..."

"मी शब्द दिलाय. आवाजाबद्दल एक तक्रार. ही आहे." ते उठले. त्यांनी वही मिटून बाईंच्या हातात दिली आणि डगल्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून वहीवर ठेवला. काकूंनी तोंडाला पदर लावला. मॅनेजर म्हणाले, "असं काय करता, राव."

दारापर्यंत गेले आणि काका थांबले. नकाशेवाले पायऱ्यांवर चपलेचा पट्टा लावत होते.

"एक विचारू?" काका म्हणाले. "बोलत होते, ते नीट ऐकू आलं तुम्हाला?"

"शब्दन् शब्द!" नकाशेवाले चिडून म्हणाले. "कोपऱ्यात बसलो होतो तरी. ती सून पाठ फिरवून पुटपुटते, तेसुद्धा. तोच तर त्रास. टाळताच येत नव्हतं."

काका परत आत आले. त्यांनी बाईंच्या हातून वही घेतली आणि माझ्याकडे पेन मागितलं. तक्रारीशेजारी 'शेरा' नावाचा एक रकाना होता. सव्वीस वर्षांत त्यात कोणी काही लिहिलं नव्हतं. काकांनी लिहिलं, 'तक्रार योग्य. आवाज बरोबर. दोष चित्रपटाचा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पेन घेऊन खाली सही केली.

"पेटीवाल्यांना फोन करा," त्या मॅनेजरना म्हणाल्या. "नको म्हणावं." आणि स्क्रूड्रायव्हर काकांच्या खिशात परत घातला.

आम्ही तिघं चालत घरी निघालो. मग काकांनी मला विचारलं, "गोष्ट काय होती रे?"

"तुम्ही ऐकलात ना सगळा?"

"ऐकला. पण गोष्टीकडे लक्ष नव्हतं."

मी सांगायला तोंड उघडलं.

"तू नको," काकू म्हणाल्या. "तू पदवीधर. उद्या उजाडेल. मी सांगते." आणि त्यांनी सून, सासू, विकायला काढलेलं घर, सगळं सरळ सांगायला घेतलं. काका मान तिरकी करून ऐकत चालले होते. सासू जाते तिथे ते रस्त्यातच उभे राहिले.

"मेली?"

"मध्यंतराच्या आधीच. असं काय करता?"

"मग तिथे आठ सेकंद काहीच नव्हतं ते..." काका म्हणाले. "मी मधला स्पीकर गेला म्हणून वर धावत निघालो होतो."

त्यांनी डोळे पुसले. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत होता, तरी ते बाजूला झाले नाहीत. काकूंनी त्यांना दंडाला धरून कडेला घेतलं आणि पुढची गोष्ट सांगितली.